घड्याळावरचा शिलालेख

“परत गेला तो! पुण्य पदरात पडलं, गेला आपल्या गावी,” गर्गे सर म्हणाले आणि मिलिंदच्या चौथ्या प्रकरणावर त्यांनी लाल पेन्सिलीने आडवी रेघ ओढली. रेघ अगदी सरळ आली. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांवर रेघा ओढण्यात सरांची हयात गेली होती.

वाद दोनेक हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक माणसावरून होता. ग्रीकांना तेव्हा आपल्याकडे यवन म्हणत. या यवनाने नाशिकच्या पांडवलेण्यात एक लेणं खोदवून दान दिलं आणि भिंतीवर लिहून ठेवलं: दत्तामित्री गावचा, उत्तरेकडचा यवन, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, आईवडिलांसाठी, मुलगा धम्मरखित याच्यासह. मिलिंद गांगुर्डे तीन वर्षं त्याच्यामागे हात धुऊन लागला होता. त्याचं म्हणणं, हा माणूस इथेच राहिला, नाशिककर झाला. सरांचं म्हणणं, राहिला असता तर गावाचं नाव कशाला लिहिलं असतं? ज्याला परत जायचं असतं तोच गाव लिहितो.

“सोमवारपर्यंत पुरावा आणा. नाहीतर हे प्रकरण काढून टाका,” सरांनी निकाल दिला. ते काढलं तर प्रबंधात उरणार होतं काय? प्रस्तावना आणि आभार. बाहेर येऊन चपला घालता घालता मिलिंदने सरांच्या घराच्या दारावरची पितळी पाटी सवयीने वाचली. ‘डॉ. ना. वि. गर्गे, गुहागर.’

घरी दुसरंच रण माजलं होतं. मिलिंदचे वडील कोंडाजी छापखान्यातून बाइंडर म्हणून निवृत्त झालेले. बुद्धपौर्णिमेला ते वस्तीतल्या विहाराला लंबकाचं घड्याळ देणार होते. लंबकापुढच्या काचेवर नाव घालायला झिपरू पेंटर ब्रश घेऊन बसला होता. कोंडाजींनी दिलेला मजकूर मात्र लेण्याच्या भिंतीला पुरेल एवढा होता.

“आण्णा, एवढं लिवलं तर लंबक दिसायचा नाय,” झिपरू काकुळतीला आला होता.

“लंबक बघून कुणी निर्वाणाला गेलंय का? टोले ऐकू येतील ना? लिव तू.”

मिलिंदने कागद घेतला. ‘कोंडाजी नाथा गांगुर्डे, मु. खडकवाडी, ता. चांदवड, यांजकडून, आईवडिलांच्या स्मरणार्थ, सोबत मुलगा मिलिंद.’ दिवसभराचा राग कुठेतरी निघायलाच हवा होता. तो खडकवाडीवर निघाला.

“आण्णा, हे गाव काढा. छत्तीस वर्षांत एकदा तरी तिकडे फिरकलात का? वस्तीत सगळे ओळखतात तुम्हाला. नाशिकच लिहा.”

कोंडाजी हसले. मिलिंद हे यवन राजाचं नाव पोराला ठेवणारा हा माणूस पोराच्या शहाणपणाला कधीच भ्यायला नव्हता.

“खडकवाडीत राहिलो असतो तर काचेवर खडकवाडी लिवली असती का? तिथं शेंबडं पोरबी वळखतं. मेलेली जनावरं वढणार नाय म्हनलं आन् घर सोडलं. परत जायाचं नाय, हे तवाच ठरलं. पर आईबाप तिथल्याच मातीत हायेत.” त्यांनी मिलिंदच्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं. “परत जाणारा मानूस गाव कशाला लिवून ठेवंल? ज्याला जायाचं नाय, त्यालाच लिवावं लागतं.”

मिलिंद कागदाकडे बघत राहिला. बापाचं नाव, गाव, आईवडील, सोबत मुलगा. तीन वर्षं तो दिवा धरून, मान वाकडी करून लेण्यात हेच वाचत होता. त्याला बापाच्या पाया पडावंसं वाटलं. पण घरात पाया पडायची रीत नव्हती, म्हणून त्याने झिपरूच्या हातात कागद दिला आणि म्हणाला, “एक अक्षर गाळू नकोस.”

सोमवारी गर्गे सरांनी नवं चौथं प्रकरण वाचलं. तळटीप आली तसा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. ‘तुलनेसाठी पाहा: घड्याळावरील लेख, दाता कोंडाजी नाथा गांगुर्डे, नाशिक.’

“हा दाता कुठल्या शतकातला?”

“याच, सर. माझे वडील. ते परत गेले नाहीत, म्हणून त्यांनी गाव लिहिलं.”

“अहो गांगुर्डे, एका घड्याळावरून यवन सिद्ध होत नसतो!” लाल पेन्सिल कागदाकडे निघाली.

मिलिंदने घसा खाकरला. तीन वर्षं पणाला लागली होती, आता भिऊन चालणार नव्हतं.

“सर, तुम्ही गुहागरला शेवटचं कधी गेला होतात?”

पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथेच थांबली. सरांनी एकदा पाटी लावलेल्या दाराकडे पाहिलं.

“मुंजीनंतर नाही,” ते म्हणाले, आणि त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली.