ताबा

टाक्याच्या पायऱ्यांवर दोरी आडवी बांधलेली होती. डोक्यावर हंडा, कडेवर लहानगी लेक शकू, अशी बायजा तिथंच थबकली.

शकूचं अंग पार मऊ पडलं होतं. पहाटेपासून सात जुलाब. नर्सबाईनं बजावलं होतं, मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा, घोट घोट, थांबू नकोस. घरातलं पाणी मघाशीच संपलं. चैत्राचं ऊन, खालची विहीर आटलेली. वाडीला आता गडावरचं हे कातळात खोदलेलं टाकंच तेवढं उरलं होतं.

दोरीपलीकडे कॉलेजची दोन पोरं उभी होती. पायात बूट, दंडाला लाल फीत.

"सरका दादा, पानी न्यायचंय."

"चार वाजेपर्यंत नाही मिळायचं, बाई," चष्मेवाला म्हणाला. "गडाला वेढा पडलाय. टाकं आमच्या ताब्यात आहे."

दुसरा फिस्सकन हसला.

वेढा बायजाला कळला नाही. ताबा कळला. शिळफाट्याजवळच्या त्यांच्या शेतात एका माणसानं तिच्या सासऱ्याला हाच शब्द ऐकवला होता. तोही गोडच बोलला होता. आता तिथं कारखान्याची भिंत होती, आणि सासरा भिंतीबाहेर उभा राहून आपला आंबा बघून यायचा.

"कुनाच्या हुकमानं? कागद हाय?"

"आहे की!" चष्मेवाल्यानं खिशातली घडी उलगडून तिच्यापुढं धरली. अक्षरं तिला येत नव्हती. पण दरवाजा ओळखू आला, बुरूज ओळखू आला. आणि टाकं, अगदी पायऱ्यांसकट. त्याच्याभोवती लाल शाईचा गोल.

शकूनं रडायला तोंड उघडलं. आवाज आला नाही.

बायजानं हंडा तिथंच टेकवला, तटाच्या कडेला धावली आणि खाली वाडीकडे तोंड करून जिवाच्या आकांतानं ओरडली, "टाकं घेतलं गं! आपलं टाकं घेतलं!"

पहिली आली शेजारची अंबूबाई. हातात सरपण तोडायचा कोयता, तसाच. तिच्यामागं धापा टाकत दहा-बारा बाया.

"कुनी रं घेतलं? तुज्या आज्यानं खोदलं व्हतं का?"

चष्मेवाला मागं मागं सरकला. पाठ कातळाला लागली. हसणारा आता हसत नव्हता.

तेवढ्यात दरवाजाकडून त्यांचे सर पळत आले, गळ्यातली शिट्टी छातीवर आपटत. "अहो, खेळ आहे हा! अभ्यास! मुंबईहून आलोय आम्ही. धंदा कसा करायचा ते शिकतात ही मुलं. किल्ला कसा घेतात ते कळलं की बाजार कसा घ्यायचा ते कळतं. पाणी ज्याच्या हातात..." बायांचे चेहरे पाहून त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. स्वतः वाकून दोरी सोडली. "भरा, भरा. माझी परवानगी आहे."

"ऐका गं बायांनो," अंबूबाई म्हणाली, "परवानगी हाय म्हनं."

बायजा केव्हाच पायऱ्या उतरली होती. तिनं पदराचं टोक भिजवलं आणि शकूच्या ओठांना लावलं. शकूनं ते चोखलं. एकदा. मग पुन्हा, जरा जोरानं.

हंडा भरून वर येताना ती चष्मेवाल्यासमोर थांबली.

"त्यो कागद दे."

"अहो, त्यात तसं काही नाहीये, ताई."

"मंग दे की."

त्यानं दिला. तिनं तो चुरगळून कमरेला खोचला. दोन पावलं गेली आणि वळली.

"ह्यो एकच हाय ना रं?"

त्यानं नुसतं बुरुजाकडं पाहिलं. तिथं उरलेली तीसएक पोरं उन्हानं हैराण होऊन बसली होती, आणि हातातल्या तसल्याच कागदांनी वारा घेत होती.