ठके, सांग तिला

मांजरीने या खेपेला धाकट्या भावाचा बूट निवडला. नवा होता, टाइल्सच्या शोरूममध्ये गिऱ्हाइकांसमोर घालायचा. त्याने त्यात पाय घातला, मोजा ओला झाला आणि त्याची बोंब ऐकून सगळं घर जमा झालं.

"बस्स," तो एका पायावर उभा राहून म्हणाला. "रविवारी ही गोदामात जाणार." थोरल्या भावाने लगेच मान डोलावली. मागच्या आठवड्यात त्याच्या उशीची पाळी आली होती. ओळखीच्या एकाचं धान्याचं गोदाम होतं. तिथे उंदीर मुबलक होते आणि उशा नव्हत्या.

घर एक, भाऊ दोन, जावा दोन. स्वयंपाकघर एकच, आणि दोन खोल्यांच्या मधल्या बोळात मांजरीचा वाळूचा ट्रे. जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी धाकटीने थोरलीच्या ओल्या चादरी दोरीवरून काढून बादलीत ठेवल्या आणि आपले कपडे वाळत घातले. त्या दिवसापासून अबोला. पण एका घरात राहायचं तर एकमेकींना ऐकवायचं बरंच असतं. मग दोघींनी मांजरीला मध्ये घेतलं. लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथे लेकीच्या जागी ठकी होती.

"ठके, सांग तिला, शिवणयंत्र सोडून तिची खरकटी उचलायला मी मोकळी नाही."

"ठके, त्यांना म्हणावं, चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभं राहिलं की माणसाचे पाय दुखतात."

ठकीवर मात्र दोघींचा जीव. थोरलीने तिला ड्रॉपरने दूध पाजून वाढवलं होतं. धाकटी दुकानातून आली की आधी तिला उचलायची, मग चपला काढायची. गोदामाचं नाव निघालं तेव्हा दोघी आपापल्या खोलीत जाऊन रडल्या.

उपाय सगळे करून झाले होते. ट्रे मोठा आणला. वाळू बदलली. सकाळी थोरली ट्रे घासायची, संध्याकाळी धाकटी, त्यामुळे तो घरातल्या ताटांपेक्षा चकचकीत होता. ठकी ट्रेपर्यंत यायची, वास घ्यायची आणि उशांकडे वळायची.

शेवटी दोघी टोपली घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. टोपलीची एक बाजू एकीने धरली, दुसरी दुसरीने, आणि तोंडं दोन दिशांना. बाईंनी ठकीला टेबलावर घेतलं, तपासलं, उलटून पाहिलं. आजार काही नव्हता.

"हिला घरात कुणी रागावतं का?"

"हिला? कधीच नाही," दोघी एकदम म्हणाल्या. अबोला धरल्यापासूनचं हे त्यांचं पहिलं एकमत होतं. ते थोरलीला सोसवलं नाही. ती मांजरीकडे वळली. "ठके, सांग डॉक्टरांना, तुझा ट्रे खरा कोण घासतं आणि नुसतं वरवर पाणी ओतून कोण मिरवतं."

धाकटी टेबलावर वाकली. "ठके, हेही सांग, धादांत खोटं बोलताना कुणाची जीभ अडखळत नाही."

ठकीने कान पाडले, पोट टेबलाला चिकटवलं आणि सरकत सरकत टोपलीत शिरली.

डॉक्टरीणबाई टोपलीकडे पाहत राहिल्या. "हे असं तुम्ही हिच्याशी केव्हा बोलता?"

"ट्रेवर बसायला येते तेव्हा," धाकटी म्हणाली. "एरवी ती एका जागी थांबते कुठे?"

बोलून झाल्यावर तिला आपलंच बोलणं ऐकू आलं. थोरलीनेही ऐकलं. ज्या जिवाला त्यांनी कधी साधी टपली मारली नव्हती, त्याला रोज नेमकं त्या वेळी सगळ्या घराचं उणंदुणं ऐकावं लागत होतं. दोघींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"शब्द तिला कळत नाहीत, सूर कळतो," बाई म्हणाल्या. "एकमेकींवरचा राग एकमेकींच्या तोंडावर काढा. ट्रेजवळ चकार शब्द नको." औषध त्यांनी काही दिलं नाही.

घरी आल्यावर थोरली स्वयंपाकघरात गेली. धाकटी आत होती. थोरलीने दार लावून घेतलं. समोरासमोर बोलायची सवय मोडली होती, म्हणून तिने आधी घसा साफ केला.

"माझ्या चादरी बादलीत का कोंबल्यास?"

"तुम्ही आठवडाभर दोरी अडवून ठेवली होती, जाऊबाई."

मग साचलेलं सगळं निघालं. दोरी निघाली, खरकटी निघाली, दोघींची माहेरंही सुटली नाहीत. भावांनी टीव्हीचा आवाज वाढवला. इकडे बोळात ठकी ट्रेच्या कडेशी आली, थोडी थांबली आणि आत गेली. तिला कुणी काही म्हटलं नाही.

त्यानंतर भांडण रोज झालं, आणि ठकी रोज ट्रेवर गेली. बूट कोरडे राहिले. गोदामाचा विषय भावांनी काढला नाही.

रविवारी सकाळी धाकटी बाहेर जाऊन आली. हातात नव्या दोरीचं भेंडोळं होतं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. थोरली पाठमोरी चहा गाळत होती. इतके दिवस भांडायला शब्द पटापट सुचले होते, आता एकही सुचेना. ती तशीच बोळात वळली. ठकी नुकतीच ट्रेवर बसली होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं धाकटीला आठवत होतं, पण तिचा इलाज चालेना. ती उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली, "ठके, सांग त्यांना, लांब दोरी आणलीय. दोघींच्या चादरी मावतील."

चहा गाळायचा आवाज थांबला. थोरली दारात आली. तिने धाकटीकडे पाहिलं नाही, मांजरीकडेच पाहिलं.

"ठके, तिला म्हणावं, चहा निवतोय."

मग आपण काय केलं ते लक्षात येऊन दोघींनी घाबरून ठकीच्या कानांकडे पाहिलं. कान ताठ उभे होते. ठकीने आपलं काम निवांत उरकलं आणि वर वाळू लोटली.