कड्यातली खुर्ची

भाऊजींनी खुर्चीभोवती स्पीकरचं कडं लावलं होतं. ते चालू केलं की आवाज खुर्चीला चुकवून जायचा, आणि माइकनं टिपलेल्या आवाजावरून कॉम्प्युटर खोलीचं जे चित्र काढायचा त्यात खुर्ची नसायचीच.

आज त्यांनी कडं बंद केलं. चित्रात खुर्ची आली, आणि तिच्यावर बसलेलं कुणीतरी.

"ऊठ तिथून," वळूनही न बघता ते मदतीला येणाऱ्या मेहुणीवर खेकसले. "माझं काम नासवायचं असेल तर उद्यापासून येऊ नकोस."

ती दाराशी उभी होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी बसलेच नाही, भाऊजी. मान वळवायला कष्ट पडतात का?"

ती तरातरा गेली आणि खुर्चीत दाणकन बसली. "हं, आता बसले. बघा नीट."

चित्रात आधीचं कुणीतरी उठलं, आणि भाऊजींच्या मागे जाऊन उभं राहिलं.