कूस बदलताना

हौसामावशींनी डमीच्या कानाशी वाकून विचारलं, "आजोबा, कूस बदलू का?" आणि त्या नुसत्याच उभ्या राहिल्या.

रुग्णसेविकेच्या कोर्सची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. कूस बदलायला चार मिनिटं. माझ्या हातातलं स्टॉपवॉच पळत होतं आणि मागे मुली तोंडावर हात धरून हसत होत्या. मावशी सतरा वर्षं वॉर्डात आया होत्या, पण हे सर्टिफिकेट मिळालं नाही तर हॉस्पिटल त्यांना ठेवणार नव्हतं.

"मावशी, डमी बोलत नाही," मी म्हटलं.

"लकवा झालेली माणसंही बोलत नाहीत, मॅडम. तरी थांबावं लागतं. न विचारता हात लावला की अंग ताठ करतात."

मग त्यांनी कूस बदलली, पाठीला उशी लावली. सगळं बरोबर, पण सहा मिनिटं लागली. माझ्या कागदावर दहा रकाने होते, थांबण्याचा एकही नव्हता. वेळेचे मार्क कापायचे की नाही, काही ठरेना. पेन तसंच धरून मी पुढच्या मुलीला बोलावलं.

तिनेही डमीला विचारलं, थांबली आणि गोंधळून माझ्याकडे वळली. "मॅडम, किती वेळ थांबायचं?"

अकरा वर्षं मी हे शिकवतेय. मी मावशींकडे बघितलं.

"आजोबा आपल्याकडे बघेपर्यंत," मावशी म्हणाल्या.

डमीचे डोळे रंगवलेले होते. तरी आम्ही सगळ्या तिकडेच बघत राहिलो. या मुलीच्या वेळी स्टॉपवॉच चालू करायचंच मी विसरले होते.