खारीसाठी सह्या

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण खारींची पहिली जोडी आपल्याच कॉन्डोत सोडणार आहेत!" निशिकांतकाकांनी चहाचा घोट घेत ठोकून दिलं.

सिंगापूरच्या जंगलातून नाहीशी झालेली, आपल्या शेकरूएवढी मोठी खार परत आणावी म्हणून त्यांची सून अनघा बुकित तिमाहच्या त्यांच्या कॉन्डोत, म्हणजे गृहसंकुलात, रहिवाशांच्या सह्या गोळा करत होती. तिच्या भाषणाला टाळ्या भरपूर पडल्या, पण जमलेल्या पन्नास जणांपैकी सह्या केल्या सातांनीच. म्हणून काकांनी मंडळींना जरा हवा भरली.

झालं भलतंच. खिशातून निघालेली पेनंसुद्धा परत आत गेली.

"अहो, माझ्या बाल्कनीत कुंड्या आहेत!" शेजारची नीता किंचाळली.

"जंगलात सोडा की, इथे कशाला?" प्रबोधला नव्या सोफ्याची काळजी पडली.

अनघानं सासऱ्यांकडे पाहून डोळे वटारले. पण काकांची गाडी एकदा सुटली की सुटली. "घाबरताय काय? मलेशियातून येतेय जोडी. शुद्ध शाकाहारी. आणि अर्ज केल्यापासून तीन आठवड्यांत पीआरसुद्धा मिळालाय दोघांना!"

इथे कायम राहता यावं म्हणून आठ वर्षं त्याच पीआरसाठी खेटे घालणारा प्रबोध ताडकन उभा राहिला.




"तीन आठवड्यांत पीआर? काका, थाप मारताय तुम्ही, धडधडीत थाप! म्हणजे खारीही इथे येत नाहीत. हुश्श... अनघा, आण गं तो कागद. कुठे करू सही?"