आयेची चाल

ओहोटीच्या गुडघाभर पाण्यात दोन पायांचं यंत्र समुद्रगवताचं बी रोवत चाललं होतं. बऱ्याच महिन्यांनी गावी आलेली सुगंधा खाडीच्या काठावरून पाहत होती. यंत्र किंचित लंगडत होतं. ते डावी टाच चिखलात आधी हलकेच टेकवायचं, मग पुन्हा जोर देऊन दाबायचं.

"माझी आये अशीच चलायची," ती पुटपुटली.

शेजारी उभी असलेली इंजिनियर अभिज्ञा ओशाळली. चाळीस वर्षं याच खाडीत पायांनी चाचपून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढणाऱ्या सुगंधाच्या आयेच्या, सत्यवतीबाईंच्या पायांना चाल मोजणारे पट्टे बांधून तिने यंत्राला चिखलात चालायला शिकवलं होतं. त्यानंतर वर्षभरात बाई गेल्या.

"मागच्या हंगामात मी लंगडणं काढून टाकलं होतं, ताई," अभिज्ञा म्हणाली. "मला तो दोष वाटला. यंत्र छान सरळ चाललं, पण सगळं बी भरतीला वाहून गेलं. दुसऱ्यांदा दाबल्यामुळेच ते खोल बसतं. म्हणून त्यांची चाल परत घातली. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. नको असेल तर आत्ता थांबवते."

साडी खोचून सुगंधा पाण्यात उतरली आणि लहानपणी चालायची तशी त्या पावलांच्या मागोमाग चालू लागली. थोड्या वेळात तिला दम लागला.

"आये, जरा हळू चल गो," ती म्हणाली.

यंत्राला ऐकू येत नव्हतं. काठावरच्या अभिज्ञाने त्याचा वेग कमी केला.