उगवतीकडं तोंड

खड्डा दक्षिणोत्तर निघाला, हे पेटी बांधावर टेकवल्यावर कळलं.

जयसिंग पहार धरून बाजूला उभा होता. सकाळपासून तो आणि गावातला भैरू मुरूम फोडत होते. कमरेएवढं गेल्यावर कातळ लागला, तोही त्यांनी हटवला. जन्माच्या मैतराचं शेवटचं घर, म्हणून कडा अशा साफ घेतल्या होत्या की भाताच्या खाचरालाही कुणी घेत नाही. आणि आता मैताला आलेली माणसं खड्ड्याकडं बघून जागीच थबकली. का, ते काही त्याला उमजेना.

ते म्हाताऱ्याच्या थोरल्या पोरानं, किशोरनं सांगितलं. आमच्यात मयत पूर्व-पश्चिम ठेवतात, डोकं मावळतीला, पाय उगवतीला. शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल, प्रभू पूर्वेकडून येईल, तेव्हा मेलेला उठून थेट त्याच्या सामोरा उभा राहिला पाहिजे.

जयसिंगचा चेहरा पडला. त्याच्या घरात मेलेल्याचं डोकं दक्षिणेला. दुसऱ्या कुणाचं दुसरं काही असतं हे त्याला सांगणार कोण? मैतराच्या घरचं माणूस गेलं की आजवर पुण्याच्या दफनभूमीत न्यायचे. म्हाताऱ्यानंच हट्ट धरून मुठा गावातल्या आपल्याच बांधाचा हा कोपरा मागून ठेवला होता. ग्रामपंचायतीनं तसा कागदही दिला होता.

दुसरा खांदतो, जयसिंग म्हणाला, हितंच आडवा. पण ऊन डोंगराला टेकलं होतं आणि म्हातारा काल सकाळचा गेलेला. कातळ काही मयत बघून मऊ होत नाही.

किशोर म्हणाला, मग पेटी उचला, पुण्याला नेऊ.

धाकटा निरंजन बावधनहून आला होता. तिथं एका हॉलमध्ये भरणाऱ्या नव्या मंडळीत तो जायचा. त्यांचं म्हणणं, प्रभू अगदी उंबऱ्याशी आलाय, आज येईल नाहीतर उद्या, आणि विश्वास ठेवणाऱ्यांना ढगांत उचलून नेईल. मग दिशा काय आणि थडगं काय! किशोरचं म्हणणं जुन्या देवळातलं, म्हणजे वाडवडिलांच्या चर्चमधलं. तो दिवस आकाशातल्या बापाखेरीज कुणाला ठाऊक नाही, तोवर आपलं काम करावं आणि मेल्यावर गुमान झोपावं. एवढ्यावरून दोघं सख्खे भाऊ दोन वर्षं एका पंगतीला बसले नव्हते. बाप अंथरुणाला खिळल्यावरसुद्धा एक सकाळी यायचा, दुसरा संध्याकाळी. म्हातारा दोघांनाही विचारायचा, दुसरा जेवला का रे.

"दादा," निरंजन म्हणाला, "प्रभूला होकायंत्र लागतं का?"

किशोरनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. असं आडवंतिडवं ठेवणार असाल तर मी माती टाकणार नाही, एवढं बोलून तो पाठ करून उभा राहिला. निरंजननंही सांगून टाकलं, की बापाची इच्छा मोडून पुण्याला न्यायचं असेल तर मी सोबत येत नाही.

म्हाताऱ्याची बायको रजनीबाई पेटीशी बसली होती. पन्नास वर्षांचा संसार सरला, तिला रडायचं होतं, पण या दोघांनी सवड दिली तर ना! तिला देवाकडं एकच मागायचं होतं. म्हाताऱ्यावर दोन्ही पोरांच्या हातची माती पडू दे, आणि ती याच बांधाची पडू दे.

तिनं मैताची प्रार्थना करायला आलेल्या पाळकांना विचारलं. पाळकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. रीत तर चालत आलेली आहे, म्हणाले, पण शास्त्रात तसा नियम काही नाही. म्हणजे हेही पोरांना घाबरतात, हे तिनं ओळखलं.

मग ती गुडघ्यावर हात देऊन उठली.

"एकाचा देव वाट चुकंल म्हनून ह्यो घाबरलाय. दुसऱ्याचा देव रिक्षा करून दारात उभा हाय. आन् बाप उन्हात." तिनं पेटीकडं बोट केलं. "पन्नास वर्सं मी ह्यांना मागनं हाक मारली. औतावर असूं देत न्हाईतर पारावर, मान वळल्याबिगर राहिली न्हाई. माझ्या हाकंला वळनारं मानूस देवाच्या हाकंला कूस बदलनार न्हाई व्हय?"

किशोर तसाच पाठमोरा होता, पण त्याचे खांदे खाली आले.

"आन् जयसिंग भावजींनी खांदलाय त्यो," ती म्हणाली. "त्यो फुकट जायाचा न्हाई."

जयसिंगनं तोंड फिरवून उपरण्यानं घाम पुसला. नुसता घामच होता असं नाही.

पेटी खड्ड्याशेजारी डोकं दक्षिणेला करून ठेवली आणि झाकण लावायच्या आधी शेवटचं बघायला सगळे जवळ आले. किशोर पेटीच्या उजव्या अंगाला गुडघ्यावर बसला. त्यानं बापाचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि हळूच उगवतीकडं वळवलं. हात काढला तसं ते परत सरळ झालं. त्यानं पुन्हा वळवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं वळवून तसंच धरून ठेवलं.

निरंजन पलीकडून वाकला. म्हाताऱ्याची पांढरी टोपी छातीवर ठेवली होती, ती उचलून त्यानं घडी घातली, चार पदरी केली आणि डोक्याच्या डाव्या बाजूला दाबून बसवली. किशोरनं हात काढले. या वेळी मान हलली नाही.

तरी निरंजन उठला नाही. त्यानं उगवतीकडचा डोंगर बघितला, बापाचा चेहरा बघितला, एक डोळा मिटून ओळंबा लावावा तसं दोन्ही मापलं, आणि टोपी आणखी बोटभर आत सरकवली.